सरांचं पत्र आणि प्राध्यापक भरती: थोडी पार्श्वभूमी

प्राध्यापकाच्या नोकरीसाठी अर्ज करणारी आमच्या सोलापूरकडची पोरं जुन्या सरांकडे शिफारसपत्र मागायला का जातात, त्याची ही पार्श्वभूमी. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 ला मिळालं, त्याआधी सगळं कोल्हापूरहून चालायचं. नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, 1989 ला सुरू झाली, तोवर मार्कशीट आणि सरांनी टाकलेला शब्द यावर बरंच ठरायचं. पण त्या काळात फार शिरत नाही, कारण आज पोरं सरांच्या दारात जातात त्यामागे खरं कारण 2018 च्या नियमबदलाचं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010 च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरची निवड करताना शिक्षण आणि संशोधनाला 50 टक्के, विषयज्ञान आणि शिकवण्याला 30, इंटरव्ह्यूला 20 असं वजन होतं. 2018 ला हे सगळं मोडलं. 2018 च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या भरतीत पीएचडीचे 25, नेटचे 8, सेटचे (राज्याची तशीच परीक्षा) 5, अनुभवाचे वर्षाला 2 असे मार्क धरतात, पण ते फक्त इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं एवढ्यापुरतेच, आत गेलं की पाटी कोरी आणि निवड शंभर टक्के इंटरव्ह्यूवर. बाजू घेणारे म्हणतात की मार्कांसाठी पेपर छापायचा धंदा याने कमी होईल, आणि तो धंदा होता हे खरंच आहे. पण बार्शी-सांगोल्याहून रोज एसटीने येऊन तासिकेवर शिकवणाऱ्या पोराने जमवलेलं सगळं पंधरा मिनिटांच्या बोलण्यापुढे गौण ठरावं हे मला अजिबात पटत नाही.

याचा परिणाम सरळ दिसतो. आधी पोरं सरांकडे पेपर तपासून घ्यायला जायची, आता प्लास्टिकच्या फोल्डरात झेरॉक्स घेऊन "सर, शिफारशीसाठी तुमचं नाव फॉर्ममध्ये देऊ का" आणि दबक्या आवाजात "तिथं कोण ओळखीचं आहे का" असं विचारतात. पहिली मागणी रास्तच आहे, त्यात संकोच कशाला. दुसरीत सर अडचणीत येतात, कारण कॉलेजच्या निवड समितीत त्या कॉलेजशी संबंध नसलेले दोन विषयतज्ज्ञ लागतात आणि छोट्या विषयात ते तज्ज्ञ म्हणजे बऱ्याचदा आपलेच जुने सर असतात. अशा वेळी त्यांनी पत्रही द्यायचं आणि समोर बसून निवडही करायची हे दोन्ही चालणार नाही, म्हणून पत्र मागतानाच ते पॅनेलवर जाणार आहेत का हे आधी विचारून घ्यावं, आणि हो म्हणाले तर दुसऱ्या सरांचं नाव द्यावं. अनुभवाचा दाखला मात्र सरांकडे मागू नका, तो प्राचार्यांच्या सहीनेच लागतो.