नेतृत्वगुणांची यादी आली कुठून?

कोकणात तालुक्याच्या गावी सरपंचांचं, बचत गटांच्या अध्यक्षांचं किंवा मच्छीमार सोसायटीच्या पंचांचं प्रशिक्षण असलं की भिंतीवर एक फ्लेक्स हमखास लागतो. धैर्य, आत्मविश्वास, दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य, चिकाटी. कधी दहा गुण, कधी बारा. सिंधुदुर्गातल्या अशाच एका वर्गात मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तो फ्लेक्स शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यां सगळां एकाच माणसात गावतां काय?" शिकवणाऱ्यांना वेळ कमी होता, विषय पुढे सरकला. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. मानसशास्त्राला हा प्रश्न शंभर वर्षं पुरला आहे. त्याचा माग काढायला हवा, कारण याच यादीवर नजर ठेवून आपण माणसं निवडतो, आणि हीच यादी वाचून किती तरी माणसं "आपल्यात नाही बाबा ते" म्हणत मागे बसतात.

याद्या करायची सवय आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सहाव्या अधिकरणात राजाचे गुण मोजलेले आहेत. हा ग्रंथ फार काळ दृष्टीआड होता. आर. शामशास्त्री यांच्या हाती म्हैसूरला त्याची पोथी आली आणि १९०९ साली तो छापून निघाला. त्यातली वीण फ्लेक्सपेक्षा बारीक आहे. राजा 'अदीर्घसूत्र' हवा, म्हणजे काम रेंगाळत न ठेवणारा. 'वृद्धदर्शी' हवा, म्हणजे जाणत्यांना विचारणारा. आणि बुद्धीच्या गुणांची सुरुवात होते ती 'शुश्रूषे'पासून. हा शब्द आपण आता आजाऱ्याच्या सेवेसाठी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आधी ऐकावंसं वाटणं, मग ऐकणं, मग समजून घेणं, मग लक्षात ठेवणं, असा क्रम तिथे आहे. चांगला बोलणारा, 'वाग्मी', हा गुणही येतो, पण तो या सगळ्यानंतर.

आजच्या फ्लेक्सचं गोत्र मात्र युरोपातलं. १८४० साली थॉमस कार्लाइल यांनी लंडनमध्ये व्याख्यानं देऊन मांडलं की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांचा इतिहास. पुढे १८६९ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी नामांकित घराण्यांच्या वंशावळी तपासून असामान्यपण रक्तातून येतं असा दावा केला. पुढारी जन्मावा लागतो, ही समजूत इथून पक्की झाली.

ती तपासायला अलिबाग ते विजयदुर्ग एवढा किनारा पुरे आहे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्याआधी इंग्रजांनी विजयदुर्गावर, खांदेरीवर आणि पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावरही चाल करून पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत गेले होते. कान्होजींचं शौर्य सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १७१३ साल, जेव्हा बाळाजी विश्वनाथांशी बोलणी करून त्यांनी शाहू महाराजांची बाजू धरली. कुठे लढायचं आणि कुठे जुळवून घ्यायचं याची जाण त्यात दिसते. त्यांच्या मागे थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला, आणि संभाजी आणि मानाजी या भावांत घर फुटलं. एक विजयदुर्गाकडे, दुसरा कुलाब्याला. विजयदुर्गावर नंतर तुळाजी आले. दर्यावर्दी म्हणून ते वडिलांपेक्षा कमी नव्हते. धाडस तेच, गलबतं तीच, खाडीही तीच. पण पेशव्यांशी वैर विकोपाला गेलं, पेशवे आणि इंग्रज एक झाले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. रक्त एकच होतं. बदलली होती ती भोवतालची परिस्थिती, आणि ती ओळखण्याची नजर मात्र वारशात आली नव्हती.

मानसशास्त्राला हे आकड्यांत मांडायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०४ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी शाळकरी मुलांच्या गटांत कोण पुढारी ठरतो याचा अभ्यास केला. मग चाळीस वर्षं अशा अभ्यासांची रीघ लागली. उंची, आवाज, बुद्धी, आत्मविश्वास, घरची स्थिती, जे मोजता येईल ते मोजलं गेलं. १९४८ साली राल्फ स्टॉगडिल यांनी १२४ अभ्यास एकत्र मांडून पाहिले. काही गुण पुढाऱ्यांत वरचेवर दिसत होते, नाही असं नाही. पण अमुक गुणांची जुडी अंगी असली की माणूस नेता होतो, असं त्यातून निघेना. एका जागचा पुढारी दुसऱ्या जागी पुढारी ठरेलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. यादीला बसलेला हा पहिला मोठा धक्का.

त्या अभ्यासांत एक घोळ होता, तो पुष्कळ उशिरा नीट उलगडला. बहुतेकांनी मोजलं होतं ते 'पुढे कोण येतो' हे. 'पुढे कोण नेतो' हा वेगळा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला नवी पद्धत आणली: आठ-दहा उमेदवारांचा गट करायचा, नेता नेमायचा नाही, काम द्यायचं आणि बाजूला उभं राहून पाहायचं. तीच पद्धत पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आली आणि तिचाच वारसा आजच्या एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, गटचाचण्यांत आहे. कोकणातली मुलं त्यासाठी आजही भोपाळ-प्रयागराजच्या गाड्या धरतात. नेता न नेमलेल्या गटांवर नंतर संशोधन झालं तेव्हा दिसलं की जो जास्त वेळ बोलतो त्यालाच गट नेता समजतो. वाडीच्या बैठकीत हे कुणी पाहिलेलं नाही? खणखणीत आवाजाचा माणूस अर्धा तास बोलतो, सगळे मान डोलावतात, अध्यक्षपद त्याच्याकडे जातं, आणि पाण्याची टाकी पुढच्या मे महिन्यातही कोरडीच असते.

पुढे नेण्याचा प्रश्न सर्वांत आधी ज्यांनी नीट विचारला त्यांत कुर्ट लेविन येतात. नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या या ज्यू मानसशास्त्रज्ञाने रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं तयार केली. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. एका प्रकारात मोठा माणूस हुकूम सोडायचा, दुसऱ्यात मुलांना विचारून काम ठरवायचा, तिसऱ्यात काहीच करायचा नाही. १९३९ मध्ये निष्कर्ष छापून आले. हुकमी मंडळात काम भरपूर व्हायचं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की हात थांबायचे, आणि मुलं एकमेकांवर, विशेषतः एखाद्या दुबळ्या मुलावर, राग काढायची. विचारून चालणाऱ्या मंडळात तो बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसंच चालू राहायचं. नेत्याची परीक्षा तो खोलीत नसताना घ्यायची, ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते.

पुढची वीस-तीस वर्षं भराभर सांगता येतील. ओहायोतल्या संशोधकांनी नेत्याच्या वागण्याचे दोन पदर वेगळे केले, माणसांची काळजी घेणं आणि कामाची घडी बसवणं. फ्रेड फीडलर यांनी १९६७ मध्ये म्हटलं की कोणता स्वभाव चालेल हे प्रसंगावर ठरतं. पाटण्याचे जय सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कामगारांकडे पाहून वेगळी बाजू दाखवली: आपल्याकडे नुसता प्रेमळ किंवा नुसता कडक साहेब चालत नाही. माया लावणारा, पण कामाच्या बाबतीत सूट न देणारा चालतो. चांगला तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्वभावाचा धागा या काळातही तुटला नव्हता. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काकीनाड्यात छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन पाहिलं की यशाची ओढ शिकवता येते का. पुढे मोठ्या कंपन्यांतल्या व्यवस्थापकांचा अभ्यास करून १९७६ मध्ये त्यांनी डेव्हिड बर्नहॅम यांच्याबरोबर मांडलं की चांगल्या व्यवस्थापकाला सत्तेची ओढ असते, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं या ओढीपेक्षाही जास्त असते, पण तिला आतून लगाम असतो आणि ती सत्ता तो स्वतःसाठी न वापरता संस्थेसाठी वापरतो.

हा लगाम म्हणजे काय ते महाडने १९२७ मध्येच पाहिलं होतं. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परिषदेला आलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले. आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेली माणसं पुष्कळ होती. ती उलट वार करायला तयार होती, आणि ते त्यांना जड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. डिसेंबरात ते पुन्हा हजारो लोकांसह महाडला आले तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते, तशी भाषणंही झाली होती. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलण्याची बाजू लोकांना पटवली, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि दावा कोर्टात लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. पेटलेल्या हजारो माणसांसमोर उभं राहून "आज नाही" म्हणायचं, आणि तरी त्यांचा विश्वास गमवायचा नाही, याला फ्लेक्सवरचा कुठला शब्द लावायचा? 'धैर्य' थोडा जवळ येतो. पुरा पडत नाही.

अलीकडच्या काळात यादी थोडी परतली आहे. २००२ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ७३ नमुन्यांतली आकडेवारी एकत्र केली. मोकळा, माणसांत रमणारा स्वभाव नेतृत्वाशी सर्वांत जास्त जुळला. शिस्तशीरपणा, नव्याची उत्सुकता आणि मनाची स्थिरताही जुळली. पण बहिर्मुख स्वभावाचा संबंध पुढे येण्याशी जास्त होता, पुढे नेण्याशी कमी. अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास करून आणखी एक गोष्ट दाखवली: हाताखालची माणसं स्वतःहून सुचवणारी असली, तर अबोल साहेब बोलक्या साहेबापेक्षा सरस ठरतो. तो त्यांचं ऐकतो म्हणून.

पुढे येण्याची वाट अडवलेल्यांचं काय होतं, याचा पुरावा आपल्याच पंचायतींत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर महिला सरपंचपदं राखीव झाली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायती पाहून २००४ मध्ये दाखवलं की जिथे बाई प्रमुख होती तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. आरक्षण नसतं तर यातल्या बहुतेकजणी निवडूनच आल्या नसत्या. मागच्या रांगेतल्या त्या बाईंना हे कुणी तरी सांगायला हवं होतं.

एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या गटांच्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं, पण नोंदी जास्त निघाल्या. उलगडा झाला तो असा की तिथे चूक लपवावी लागत नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी हे 'मानसिक सुरक्षितता' या नावाने मांडलं. एक ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठून होड्या दर्यात जातात तेव्हा सर्वांत लहान खलाश्याला "इंजिनाचा आवाज वेगळा येतोय" असं तांडेलाला सांगायची भीती वाटते की नाही, यावर कधी कधी अख्खी होडी अवलंबून असते.

हा गुण कोणत्याच फ्लेक्सवर नाही, पण कोकणातल्याच एका जुन्या कागदावर त्याचा जोडीदार सापडतो: पुढचा धोका बारीकसारीक तपशिलासह आधीच पाहणं. राज्याभिषेकाच्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणजवळ हलवर्णला पावसाळी मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना. साठवलेला दाणागोटा आताच उधळलात तर भर पावसात काही उरणार नाही, मग घोडी मेली तर ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, गवत, भाजी उचलाल, आणि त्यांना वाटेल की मुलखात आलेल्या मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट. पुढे आगीबद्दल लिहिलं आहे. कुणी गवताजवळ आगटी पेटवील, कुणी चिलीम ओढील, कुणाच्या घरात रात्री दिवा जळत राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि पागेचं सगळं गवत जळून जाईल.