कोंबडीचे पंख भाजणे (सोलापुरी घरगुती पद्धत)

कोंबडीचे पंख मीठ-मसाला लावून निखाऱ्यांवरच्या जाळीवर भाजण्याचा प्रकार. दुकानात मागताना ‘विंग्स’ म्हणतात. पंखाचे तीन भाग असतात: खांद्यालगतचा एका हाडाचा, मधला दोन हाडांचा आणि टोक. टोकाला मांस जवळजवळ नसते आणि तेच आधी करपते. म्हणून ते कापून रश्श्यासाठी ठेवतात. अमेरिकेतील बफेलो शहरातल्या अँकर बारमध्ये १९६४ साली सुरू झाल्याचे मानले जाणारे ‘बफेलो विंग्स’ तळून सॉसमध्ये घोळवतात. नाव ऐकून गल्लत होते, पण तो प्रकार वेगळा.

पंखाची खरी चव कातडीत. मांस थोडे, कातडी भरपूर. तिची चरबी वितळते तसे मांस ओलसर राहते आणि कातडी कुरकुरीत होते. अडचण इथेच आहे. आपल्याकडच्या चिकन सेंटरवर कोंबडी सहसा पिसांसकट सोलतात, त्यामुळे पंख बिनकातडीचेच हाती पडतात. कातडी हवी तर कोंबडी गरम पाण्यातून काढून पिसे उपटावी लागतात. हे काम वेळखाऊ. रविवारच्या गर्दीत सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगितलेले बरे. शिवाय एका कोंबडीला पंख दोनच. किलोभर हवे असतील तर साधारण दहा-बारा नग, म्हणजे पाच-सहा कोंबड्यांचे पंख लागतात.

कातडीचे पंख पुसून, किलोला चमचाभर बेकिंग पावडर (खायचा सोडा नव्हे) आणि मीठ चोळून फ्रीजमध्ये काही तास उघडेच सुकवतात. कातडी जितकी कोरडी तितकी ती चांगली भाजते. बिनकातडीच्या पंखांना ही युक्ती कामाची नाही. त्यांना घट्ट दही, लसूण, काळा मसाला आणि सढळ तेल लावायचे. कातडीचे काम तेलाने करायचे. सोलापूरची शेंगा चटणी मात्र आधी लावू नये. शेंगदाण्याचा कूट निखाऱ्यावर लगेच जळतो आणि कडू होतो. पंख जाळीवरून उतरले की तेलाचा हात फिरवून वर भुरभुरावी. गरम पंखाला ती नीट चिकटते.

शेगडी गच्चीवर किंवा जुन्या घरांच्या माळवदावर मांडतात. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, त्याचा वायू जीवघेणा असतो. निखारे शेगडीभर पसरण्याऐवजी एका बाजूला ओढावेत. पंख आधी मोकळ्या बाजूला, वर पातेले पालथे घालून, वीस-पंचवीस मिनिटे मंद शिजवावेत आणि शेवटची तीन-चार मिनिटे निखाऱ्यांवर आणावेत. सुरुवातीपासून थेट विस्तवावर ठेवले तर चरबी ठिबकून जाळ उठतो. बाहेरून कोळसा, आत हाडाशी कच्चे. मांस आतून ७४ अंश सेल्सिअसला खाण्यास सुरक्षित होते, पण पंख ८० ते ८५ अंशांपर्यंत नेले की सांध्यांजवळचा चिवटपणा विरघळतो. छातीचे मांस या तापमानाला चोथा होते, पंख होत नाहीत. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यावरही लालसर डाग राहतो. केवळ त्यावरून मांस कच्चे ठरवू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कच्चे पंख गच्चीवर मांडून गप्पा मारत बसणे धोक्याचे. हवा ३२ अंशांवर गेली की कच्चे मांस तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि मुरवण तर फ्रीजमध्येच व्हावी. ज्या मसाल्यात कच्चे पंख मुरले तो उरला तरी भाजलेल्या पंखांवर ओतू नये. फारच जीव अडकला असेल तर उकळून घ्यावा. पंख नळाखाली धुण्याची सवयही सोडावी, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात.

सोबत ज्वारीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबू. कडक भाकरी दिसायला शोभते, पण दोन्हीकडून कुरकुर नको; मऊ, गरम भाकरीच बरी लागते.