पशुधनातील स्त्रीबीजांचे प्रयोगशाळेतील परिपक्वन

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या अंडाशयातून अपरिपक्व स्त्रीबीजे काढून ती संप्रेरकयुक्त पोषक द्रवात फलनक्षम करण्याची पद्धत. टेस्ट ट्यूब वासराच्या निर्मितीची ही पहिली प्रयोगशाळेतील पायरी होय. पुढे फलन होते आणि गाई-म्हशींत साधारण सातव्या दिवशी भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात सोडतात.

अंडाशयातील २ ते ८ मिमीच्या पुटिकांमधले (द्रवाने भरलेल्या पिशव्यांमधले) स्त्रीबीज अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, मध्येच थांबलेले असते. त्याला थोपवून धरणारे संदेश भोवतालच्या क्युम्युलस पेशींकडून सूक्ष्म मार्गांनी येतात. जनावर माजावर आले की एलएच या संप्रेरकाची लाट उठते, हे मार्ग बंद होतात आणि विभाजन पुढे सरकते. मात्र स्त्रीबीज पुटिकेबाहेर काढले की संप्रेरकावाचूनही केंद्रक जागे होते, हे पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्ये सशावर दाखवले. तेव्हा संप्रेरकाचे खरे काम केंद्रकापेक्षा त्याभोवतीच्या पेशीद्रवाशी निगडित आहे. पेशीद्रव कच्चा राहिला तर फलन होऊनही भ्रूण टिकत नाही. एफएसएच या पुटिका वाढवणाऱ्या संप्रेरकामुळे क्युम्युलस पेशी हायल्युरॉनिक आम्ल स्रवतात, त्यांचा घट्ट थर फुलून सैल होतो. स्त्रीबीजात ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणरोधक संयुग साठते. शुक्राणूचे डोके आत उलगडण्यास ते लागते. एलएच आणि एस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक घालण्याची प्रथा आहे, पण त्यांच्या गरजेबद्दल मतभेद आहेत. एफएसएचची बाजू अधिक भक्कम वाटते.

द्रव बहुधा टीसीएम-१९९ हे पेशीसंवर्धनाचे तयार माध्यम असतो, त्यात सीरम मिसळतात. ३८.५ अंश सेल्सिअस तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दमट हवा राखतात. गाई-म्हशींना २२ ते २४ तास पुरतात, डुकराला ४० तासांहून अधिक लागतात. पहिला ध्रुवकण (विभाजनात वेगळी पडणारी छोटी पेशी) बाहेर पडलेला दिसला की केंद्रक तयार झाले असे समजतात.

सातारा-सांगलीच्या गोठ्यांत संप्रेरक म्हटले की पान्हा सोडवण्यासाठी टोचलेले ऑक्सिटोसिन आठवते. त्याचा इथे संबंध नाही. परिपक्वनासाठी वापरलेले संप्रेरक प्रयोगशाळेतील बशीतच राहते आणि फलनापूर्वी स्त्रीबीजे धुऊन घेतात. माणदेश, आटपाडी आणि जत भागातील खिलार गाईसाठी, तसेच सांगली परिसरातील पंढरपुरी म्हशीसाठी ही पद्धत मोलाची ठरू शकते, कारण उत्तम मादीची वासरे एरवी वर्षाला जेमतेम एकच मिळतात. महाराष्ट्रात गोहत्याबंदी असल्याने गाईची स्त्रीबीजे कत्तलखान्यातून मिळत नाहीत. ती जिवंत गाईतून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने ओढावी लागतात. या भागात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुप्रजनन शिकवले जाते.

म्हशीत भारताने आघाडी घेतली: कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये ‘प्रथम’ हे जगातील पहिले टेस्ट ट्यूब रेडकू जन्मले. तरीही म्हशीचे काम गाईपेक्षा कठीणच आहे. तिच्या अंडाशयात पुटिकांचा साठा गाईच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे प्रत्येक अंडाशयातून मोजकीच चांगली स्त्रीबीजे हाती येतात. त्यातील बहुतेक परिपक्व झाली तरी प्रत्यारोपणयोग्य भ्रूण त्यांच्या थोड्याच भागातून तयार होतात.