पार्श्वभूमी : दारू सुटण्याआधीचा सण

जून १७९९. अमेरिकेतल्या अलेगेनी नदीकाठी, सेनेका या मूलनिवासी जमातीच्या वस्तीत हँडसम लेक हा साठी उलटलेला माणूस दाराशी कोसळला. दारूपायी कित्येक वर्षं अंथरूण धरलेला. घरच्यांना वाटलं, गेला. शुद्धीवर आला तो दृष्टांत सांगतच. फळांच्या डहाळ्या घेऊन दूत आले होते. दारू सोडा म्हणाले, आणि स्ट्रॉबेरीचा सण मोडू देऊ नका, असंही.

मला ही दुसरी आज्ञा जास्त महत्त्वाची वाटते. पिऊ नका म्हणणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे पाहुणे वस्तीत होतेच. हँडसम लेकने नुसता पेला काढून घेतला नाही. सगळ्यांनी मिळून प्यायचा स्ट्रॉबेरीचा रस हाती दिला. त्याची शिकवण, ‘गायविओ’, लाँगहाऊसमध्ये, म्हणजे जमातीच्या लांबट सभागृहात, आजही काही दिवस चालणाऱ्या पठणातून सांगतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना निघाली १९३५ साली, म्हणजे तब्बल १३६ वर्षांनी.

‘यांच्या रक्तातच दारू आहे’ हा गोऱ्यांचा जुना समज. कातडी घेऊन रम देणारे व्यापारी मात्र त्यात कुठेच दिसत नाहीत. मूलनिवासींना दारू विकायला १८३२ मध्ये सरसकट बंदी आली, ती १९५३ पर्यंत टिकली. पण त्याच अमेरिकन सरकारने १८८३ च्या नियमांनी सूर्यनृत्य आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरवले, आणि कार्लाइलसारख्या निवासी शाळांत मुलांचे केस कापून भाषा बंद केली. बाटलीही नको आणि सणही नको! धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा झाला तो थेट १९७८ साली.

सीमेपलीकडे कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या अल्कली लेक या मूलनिवासी वस्तीत, १९७२ मध्ये फिलिस चेल्सी यांच्या सात वर्षांच्या मुलीने घरी यायला नकार दिला. आईबाप पितात म्हणून. फिलिसनी दारू सोडली, मागोमाग नवरा अँडीने. तो पुढे वस्तीचा प्रमुख झाला. काही वर्षांत जवळपास अख्खी वस्ती दारूतून सुटली. घामाच्या झोपडीचा, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेत एकत्र बसण्याचा, विधी तिथे विसरला गेला होता. तो शिकवायला बाहेरून जाणती माणसं आणावी लागली.

१९८८ मध्ये मोहिकन जमातीच्या डॉन कॉयहिस यांनी ‘व्हाइट बायसन’ ही व्यसनमुक्तीची संस्था काढली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या त्यांनी शिडीसारख्या न ठेवता वर्तुळात मांडल्या, चार दिशांना तीन-तीन. माणसंही गोलातच बसतात. गरुडाचं पीस ज्याच्या हाती, त्याने बोलायचं. बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत.