कुत्री नान्नजच्या माळावर सोडली की प्रश्न मिटतो?

सोलापुरात कुणाला कुत्रं चावलं की कट्ट्यावर हमखास ऐकू येतं: "महापालिकेनं सगळी उचलावी, नान्नजच्या माळावर सोडावी. तिथं आहेच काय?" हा समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे.

तिथं १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक घरटं बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. एवढ्या पक्ष्याचा सगळा हिशेब त्या एका अंड्यावर, आणि आपण तिथं भुकेली टोळी नेऊन सोडायची! काळविटांची पाडसं, खोकड, लांडगे यांनाही कुत्र्यांचा त्रास होतो. डिस्टेंपर (एक विषाणूजन्य रोग) आणि रेबीज कुत्र्यांकडून लांडग्या-खोकडांत जातात.

दुसरी गंमत म्हणजे "नसबंदी करून परत तिथंच सोडलं, म्हणजे पैसे खाल्ले" हा आरोप. पैशाचं मी सांगू शकत नाही, पण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी आणि लसीकरणानंतर पकडलं तिथंच सोडायचं असतं. कानाची खाच ही त्याची खूण. गल्ली रिकामी केली की उकिरड्याच्या आशेनं दुसरी येतातच.

"मग रानडुकरासारखं उपद्रवी जाहीर करा" म्हणणारेही भेटतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातलं ते कलम ६२ वन्यप्राण्यांसाठी आहे. कुत्रं वन्यप्राणी नाही. माळाकाठच्या गावांत नसबंदी, लस आणि मेलेली जनावरं उघड्यावर न टाकणं, खरं काम तिथं आहे.