जेवणाच्या सुट्टीत थांबणारे कण

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात एका बाकावर काळ्या टेपने गुंडाळलेल्या दोन पाट्या एकावर एक ठेवलेल्या असतात. प्रत्येक पाटी २० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि एक सेंटिमीटर जाड. टेप सोडवली तर आत ॲल्युमिनियमचा कागद, त्याच्या आत पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्याच्या कडेला चिकटवलेला नखाएवढा सेन्सर, एवढंच निघेल. आकाशातून येणारे म्युऑन मोजायचं हे साधन. मी शिकलो भौतिकशास्त्र, पण माझा दिवस जातो सोल्डरिंग आणि ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या इशाऱ्यांचा आलेख दाखवणारा स्कोप) संगतीत, कारण माझं काम कणांचं नसून कणांच्या इशाऱ्यांचं आहे. डिटेक्टरमधून इवलासा विद्युतभार निघतो. तो हरवू न देता, त्यात दुसरं काही मिसळू न देता संगणकापर्यंत पोचवायचा.

अवकाशातून येणारे प्रोटॉन वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणुकेंद्रकांवर आदळतात आणि त्या धडकेतून सुटलेल्या कणांपासून म्युऑन तयार होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच थोरला भाऊ, वजनाने सुमारे २०७ पट. जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. तळहात आकाशाकडे करून मिनिटभर धरलात, तर शंभराच्या आसपास म्युऑन त्यातून आरपार जातात. व्हिक्टर हेस १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि वर जावं तसं प्रारण वाढत जातं हे त्याने मोजून दाखवलं. अवकाशातून येणाऱ्या या प्रारणाचा, म्हणजे वैश्विक किरणांचा, शोध तिथून धरतात.

आता पाटीत काय होतं ते पाहू. एक सेंटिमीटर प्लॅस्टिकमधून जाताना म्युऑन सुमारे २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मागे ठेवतो. हे प्लॅस्टिक खास असतं, त्या ऊर्जेतून त्यात निळसर प्रकाशाचे जवळपास २०,००० फोटॉन चमकतात. बरेचसे इकडेतिकडे आपटून विरतात, सेन्सर टिपतो ते जेमतेम काही डझन. सेन्सरचं नाव सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. त्यात हजारो सूक्ष्म घरं असतात आणि एका घरात एक फोटॉन शिरला, की दहा लाखांच्या घरात इलेक्ट्रॉनचा लोंढा सुटतो.

इथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. पण हा लोंढा सुटायला फोटॉनच लागतो असं नाही. सिलिकॉनमधली नुसती उष्णताही ते काम करते. खोलीच्या तापमानाला सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरमागे सेकंदाला हजारोंनी असे खोटे लोंढे सुटत राहतात. सहा बाय सहा मिलिमीटरच्या सेन्सरमध्ये, संपूर्ण अंधारात, सेकंदाला दहा लाखांचा आकडा सहज गाठला जातो. आणि आमच्या पाटीतून खरे म्युऑन जातात सेकंदाला सहा-सात! गव्हातून खडे वेचायची आपल्याला सवय असते. इथे पोतंभर खड्यांतून चार गहू शोधायचे असतात.

त्यासाठीची पहिली युक्ती उंबरठ्याची. उष्णतेने सुटलेला लोंढा बहुतेक वेळा एकाच घरातला असतो, म्हणून त्याचा इशारा बुटका. म्युऑनचा इशारा अनेक घरांचा मिळून उंच होतो. कंपॅरेटर नावाचा छोटासा आयसी एक ठरावीक व्होल्टेज धरून बसतो आणि त्याहून उंच इशारा आला तरच पुढे जाऊ देतो. उंबरठा फार खाली ठेवला तर कचरा घरात येतो, फार वर नेला तर पाटीच्या कोपऱ्यातून गेलेला खरा म्युऑन दाराबाहेर राहतो. शिवाय सेन्सर ज्या व्होल्टेजला जागा होतो, ते तापमानाबरोबर सरकतं, दर अंशाला २० ते ६० मिलिव्होल्ट. नाशिकमधली जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत तीस अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून सेन्सरचा पुरवठा तापमान बघत स्वतःला सावरत राहील, अशी सोय सर्किटमध्ये करावीच लागते.

दुसरी युक्ती दोन साक्षीदारांची. वरच्या आणि खालच्या, दोन्ही पाट्यांनी एकाच क्षणी ‘पाहिलं’ असं सांगितलं तरच नोंद करायची. वाल्थर बोटे आणि ब्रूनो रोसी यांनी १९३० च्या आसपास वाल्व, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्या, वापरून अशी सर्किटं केली. बोटेला पुढे १९५४ साली नोबेल मिळालं ते याच पद्धतीसाठी. हिशेब मला फार आवडतो, म्हणून मांडतोच. उंबरठा ओलांडूनही प्रत्येक पाटीतून सेकंदाला १०० इशारे येतात असं धरा, प्रत्येक इशारा १०० नॅनोसेकंद रुंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). दोन खोटे इशारे योगायोगाने एकमेकांवर पडण्याची वेळ साधारण आठ मिनिटांतून एकदा येईल. तेवढ्या वेळात खरे म्युऑन दोन हजारांहून जास्त होऊन गेलेले असतात.

मोठ्या प्रयोगांतही हेच चालतं, फक्त प्रमाण वेगळं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या महाकाय त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, सेकंदाला चार कोटी वेळा कणांचे पुंजके एकमेकांना छेदतात. तिथला ०.३ मिलिमीटर जाडीचा सिलिकॉन सेन्सर एका कणामागे फक्त २२,००० च्या आसपास इलेक्ट्रॉन देतो. तिथल्या ॲलिस प्रयोगातल्या म्युऑनच्या भागासाठी कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने ‘मानस’ नावाची १६ चॅनेलची, म्हणजे इशाऱ्यांच्या १६ वाटा असलेली, चिप रचली आणि ती चंदीगडजवळ तयार झाली. असे इशारे वाचणारी चिप आपल्याकडे बनली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता आमच्या बाकाकडे येतो. पाट्या लावून आठवडा झाला तेव्हा मी दिवसभराचा आलेख काढला. रात्री मिनिटाला ३१० च्या आसपास म्युऑन, सकाळी आठनंतर ३४०, संध्याकाळी पुन्हा ३१०. सूर्यामुळे म्युऑनच्या संख्येत रोजचा चढउतार होतो खरा, पण तो एका टक्क्याहूनही लहान असतो. इथे दहा टक्के दिसत होते. शिवाय दुपारी साडेबारा ते एक या अर्ध्या तासात आकडा थेट रात्रीच्या पातळीवर उतरत होता. आकाशातून येणारा कण जेवणाची सुट्टी घेत नाही. सुट्टी शेजारच्या गाळ्यातली पॉवर प्रेस घेत होती.

एवढ्याशा दहा टक्क्यांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात सहा-सहा मीटर लांबीच्या ३,७१२ नळ्या म्युऑन मोजत असतात. १ डिसेंबर २०१४ ला त्यांच्यावरून वादळी ढग गेला आणि म्युऑनची संख्या सुमारे २ टक्क्यांनी घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला, १३० कोटी व्होल्ट. एवढा प्रचंड दाब त्या दोन टक्क्यांत लपलेला होता. त्यांच्या सर्किटांत माझ्यासारखा गोंगाट असता, तर तो ढग कुणाला दिसलाच नसता.

पण दोन साक्षीदार असताना खोट्याची नोंद झालीच कशी? योगायोगाने येणाऱ्या खोट्याला ही पद्धत अडवते. दोन्ही साक्षीदारांना एकाच माणसाने पढवलेलं असेल, तर तिचं काही चालत नाही. प्रेसचा काँटॅक्टर, म्हणजे तिची वीज चालू-बंद करणारा स्विच, सुटतो तेव्हा त्याच्या कॉइलमधली चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होते, नॅनोसेकंदाच्या झटक्यांची माळ वायरिंगमधून आणि हवेतून पसरते आणि दोन्ही चॅनेल एकाच वेळी दचकतात.

मी आधी अर्थिंगवर संशय घेतला. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून बादलीभर पाणी ओतलं. काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. अर्थिंग जीव वाचवतं, पण इतक्या वेगवान झटक्याला लांब वायर म्हणजे बंद दार. एक मीटर वायर १०० मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा कोटी वेळा हेलकावणाऱ्या विजेला, सहाशेहून जास्त ओहमचा अडथळा करते.

मग शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांनी विचारलं, “सर, आमच्या प्रेसमुळे तुमचं मशीन बिघडतं का?” म्हटलं, “काका, तेच तपासायचंय. दहा मिनिटं तुम्ही मी सांगेन तशी चालू-बंद कराल का?” त्यांनी हातातलं काम थांबवून प्रेस हवी तशी चालवून दिली. तेवढ्यात मी एक तिसरा चॅनेल जोडला. तोच बोर्ड, तोच सेन्सर, पण प्लॅस्टिकशिवाय, काळ्या डबीत बंद. याला म्युऑनचा प्रकाश दिसणं शक्यच नाही. काकांनी प्रेस चालू केली की हा आंधळा चॅनेलही दोन डोळसांच्या बरोबरीने ‘पाहिलं’ म्हणायचा.

स्कोपचा प्रोब घेऊन तासभर बोर्डावर हिंडल्यावर जागा सापडली. सेन्सरच्या केबलवरची तांब्याची जाळी मी पिळून तिची आठ सेंटिमीटरची शेपटी केली होती आणि ती बोर्डाला सोल्डर केली होती. तेवढ्याशा शेपटीचा अडथळा १०० मेगाहर्ट्झला सुमारे ५० ओहम भरतो. जाळीवर आलेला झटका त्या शेपटीवर अडत होता आणि इशाऱ्यात मिसळत होता. शेपट्या कापल्या, जाळी डब्याच्या भोकापाशीच चारी बाजूंनी धातूला जोडली, तिन्ही बोर्ड एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात घातले, पुरवठ्याच्या वायरवर असे झटके शोषणारी फेराइटची कडी चढवली. काकांच्या परवानगीने झटका उगमापाशीच मंदावा म्हणून त्यांच्या काँटॅक्टरच्या कॉइलवर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटरही जोडून दिला. आंधळा चॅनेल मात्र काढला नाही. तो काही बोलला, तर त्या क्षणाची बाकीच्यांची साक्ष बाद करायची, असं आता सर्किटमध्येच आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रीनसमोर जेवणाचा डबा उघडून बसलो. अर्ध्या तासात ९,३०० म्युऑन मोजले, तर वर-खाली शंभरेकांचा फरक निव्वळ योगायोगाचा असतो, तेवढा सोडून द्यायचा. साडेबाराला भोंगा वाजला, प्रेस थांबली आणि स्क्रीनवरची रेघ होती तशीच पुढे गेली.