चटणी सांडलेला क्यूआर कोड तरी स्कॅन कसा होतो?

आमच्या नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर जो क्यूआर कोड चिकटवलाय ना, त्याची अवस्था बघवत नाही. तेलाचा पिवळा डाग, मधोमध लाल चटणीचं बोट उमटलेलं आणि खालचा उजवा कोपरा पार उचकटलेला. तरी फोन धरला की काकांचं नाव लगेच स्क्रीनवर हजर.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की त्या चौकोनात नुसता कसलातरी नंबर असतो आणि खरी माहिती सर्व्हरवर. तसं नाहीये, जे काय आहे ते त्या ठिपक्यांतच लिहिलेलं असतं, काळा म्हणजे १ आणि पांढरा म्हणजे ० (ढोबळमानाने, यात एक गंमत आहे ती पुढे). काकांच्या स्टिकरमध्ये त्यांचा यूपीआय आयडी आणि नाव एवढंच आहे, नेट लागतं ते पैसे पाठवायला, कोड वाचायला नाही.

हा प्रकार १९९४ चा, जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमने बनवलेला. गाड्यांच्या पार्ट्सवर साधे बारकोड असायचे, पण एकात जेमतेम २० अक्षरं मावायची, मग एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड आणि कामगार बिचारे प्रत्येकाला स्कॅनर लावत बसलेत. उभं-आडवं दोन्हीकडे लिहिलं की जागेचा प्रश्न सुटतो, पण स्कॅनरला कळणार कसं की कोड नेमका कुठे आहे? म्हणून तीन कोपऱ्यांत ते मोठे चौकोनी डोळे. डोळ्याच्या मधोमध कुठूनही रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं हे १:१:३:१:१ याच प्रमाणात येतं, आणि हे प्रमाण त्यांनी मासिकं, पत्रकं, खोक्यांवरची छपाई असलं सगळं चाळून शोधलं, छापील कागदावर सगळ्यात कमी सापडणारं. मला विचाराल तर अख्ख्या क्यूआर कोडमधली सगळ्यात भारी आयडिया हीच. चौथ्या कोपऱ्यात डोळा नाही, त्यामुळे कोड उलटा आहे की सुलटा तेही कळतं.

सगळ्यात छोटा कोड २१ बाय २१ चा, म्हणजे ४४१ घरं. त्यातली मजकुराच्या वाट्याला येतात फक्त २०८, बाकी सगळा सांगाडा. एक घर म्हणजे एक बिट आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २०८ बिटांचे २६ बाइट, आणि दुरुस्तीच्या मधल्या लेव्हलचा कोड असेल तर त्यातलेही १६ च खऱ्या माहितीचे, उरलेले १० स्पेअर. नुसते आकडे असतील तर ३ आकडे १० बिटांत बसतात, रोमन कॅपिटल अक्षरं दोन मिळून ११ बिटांत. जपान्यांनी आपल्या कांजी लिपीसाठी वेगळी सोय करून घेतली, देवनागरीसाठी तशी काही नाही, त्यामुळे ‘पुणे’ लिहायचं तर प, उकार, ण आणि मात्रा प्रत्येकी ३ बाइट धरून ९६ बिट जातात, आणि तेच रोमन कॅपिटलमध्ये २२ बिटांत उरकतं!

आता चटणी. ते जे १० स्पेअर बाइट आहेत ते रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये काढलेल्या गणिताने तयार होतात, सीडीवरचे ओरखडेसुद्धा याच गणिताने निभावले जायचे. साध्या भाषेत सांगायचं तर सरळ रेष ठरवायला दोन बिंदू पुरतात, पण मी तुम्हाला त्याच रेषेवरचे चार बिंदू दिले आणि वाटेत एक हलला, तर उरलेले तीन एका ओळीत दिसतात आणि चोर कोण ते लगेच कळतं, शिवाय त्याची मूळ जागाही काढता येते. तसंच इथे, १० स्पेअर असले की २६ पैकी कुठलेही ४-५ बाइट बिघडले तरी फोन ते दुरुस्त करतो. सगळ्यात वरच्या लेव्हलला साधारण ३०% कोड खराब झालेला चालतो, लोक मधोमध बिनधास्त लोगो टाकतात ते याच जोरावर.

गंमत राहिली. काळ्या ठिपक्यांचा मोठा गठ्ठा झाला किंवा चुकून डोळ्यासारखा आकार तयार झाला तर स्कॅनर गोंधळतो, म्हणून आठ ठरलेल्या नक्षींपैकी एक निवडून तिच्याप्रमाणे ठराविक घरांचे रंग उलटे करतात, आणि कुठली नक्षी वापरली ते डोळ्यांशेजारी लिहून ठेवतात, तेही दोनदा.

डोळ्यांना मात्र हे दुरुस्तीचं संरक्षण नाही. डोळाच झाकला गेला तर बऱ्याचदा फोनला कोड सापडतच नाही, मग आतले स्पेअर काय कामाचे? काकांच्या स्टिकरचा उचकटलेला कोपरा नेमका बिनडोळ्याचा आहे, म्हणून अजून चाललंय.